उंदीर, औषध आणि अनुमोदना

आमच्या निर्ण्याच्या घरी तुरीची रास आली की मागोमाग उंदीर येतात. पोती कुरतडतात, कपाटातल्या जुन्या साड्यांना भोकं पाडतात. आमच्याकडे विषाच्या गोळ्या कधी आल्या नाहीत. सासूबाईंच्या काळापासून लोखंडी पिंजरा आहे. त्यात भाकरीचा तुकडा अडकवायचा, रात्री खट्ट आवाज झाला की सकाळी पिंजरा उचलून ओढ्यापलीकडे न्यायचा आणि दार उघडून द्यायचं. एकदा पलीकडच्या शेतातली बाई हसत हसत म्हणाली, "अक्का, तुमचं पुण्य होतंय खरं, पण उंदीर आमच्या शेतात येतोय की! आमचे हे त्याला मारतात." तेव्हा मीही हसले. तिचं बोलणं मात्र मनात राहिलं, आणि दोन वर्षांपूर्वी दशलक्षण पर्वात ते पुन्हा वर आलं.

त्या वर्षी माझी भाची गुलबर्ग्याहून माझ्याकडे आली होती. (सरकारी कागदावर आता कलबुर्गी झालं, आमच्या तोंडी अजून गुलबर्गाच आहे.) पोरगी हुशार. एम.एस्सी. करून मुंबईकडच्या एका प्रयोगशाळेत कर्करोगावर संशोधन करते. आम्हाला सगळ्यांना तिचा अभिमान. तिनं एकाशन धरलं होतं. संध्याकाळी मंदिरातून आल्यावर आम्ही दोघी ओसरीवर बसलो, तेव्हा ती एकदम म्हणाली, "आत्या, तुला एक विचारू? मी रोज उंदीर मारते. मला या घरात उपवास करायचा हक्क आहे का?"

काय उत्तर द्यावं मला सुचेना. मी म्हणाले, "आधी मला नीट सांग, तू करतेस काय."

तिनं सांगितलं ते मी माझ्या शब्दांत लिहिते. मी कला शाखेची पदवीधर, विज्ञान शाळेत शिकले तेवढंच. पण तिनं इतकं सोपं करून सांगितलं की मला कळलं.

आपल्या त्वचेच्या पेशी काचेच्या बशीत वाढवता येतात. 1975 साली अमेरिकेत राइनवाल्ड आणि ग्रीन या शास्त्रज्ञांनी माणसाच्या त्वचेच्या वरच्या थरातल्या पेशी अशा वाढवून दाखवल्या. पण बशीतला तो पातळ पापुद्रा अंगावर लावला तर जगेल का, त्याची खरी कातडी होईल का, हे बशीत पाहून कळत नाही. त्यासाठी जिवंत शरीर लागतं. आणि एकाची कातडी दुसऱ्याच्या अंगावर टिकत नाही, शरीर परकं ओळखून ती फेकून देतं. दुसऱ्या महायुद्धात भाजलेल्या माणसांवर उपचार करताना इंग्लंडमध्ये पीटर मेडावर यांनी या गोष्टीचा शोध घ्यायला सुरुवात केली. पुढे ससे आणि उंदीर यांच्यावर कातडीचे तुकडे लावून त्यांनी त्याचं कारण उलगडलं. 1960 साली त्यांना नोबेल मिळालं.

मग माणसाची कातडी उंदराच्या अंगावर कशी लावायची? त्यासाठी एक विशिष्ट उंदीर आहे. 1960 च्या दशकात स्कॉटलंडमधल्या ग्लासगो शहरात प्रयोगशाळेतल्या उंदरांत काही पिल्लं केस नसलेली निघाली. 1968 साली कळलं की त्यांना छातीतली थायमस नावाची ग्रंथीच नाही. त्यामुळे परक्या पेशींना ओळखून हुसकणारं सैन्य त्यांच्या शरीरात तयारच होत नाही. पुढच्याच वर्षी डेन्मार्कमध्ये माणसाच्या आतड्यातली कर्करोगाची गाठ अशा उंदरात लावली आणि ती वाढली. तेव्हापासून जगभर हे उघडे, गुलाबी, सुरकुतलेले उंदीर मुद्दाम पैदा केले जातात. साधा सर्दीचा जंतूही त्यांना सोसत नाही, म्हणून गाळलेल्या हवेत, निर्जंतुक पिंजऱ्यात ठेवतात.

या उंदराच्या पाठीवर चांगल्या पेशींचा पापुद्रा लावला तर तिथं माणसाची कातडी तयार होते. 1980 च्या सुमारास ग्रीन यांच्या प्रयोगशाळेनं हे दाखवलं. 1983 साली अमेरिकेत जवळजवळ पूर्ण अंग भाजलेले दोन लहान भाऊ होते. त्यांच्या अंगावरच्या थोड्याशा शाबूत कातडीतून पेशी घेऊन त्या बशीत वाढवल्या आणि त्यांच्याच अंगावर लावल्या. ती मुलं वाचली.

आणि पेशी बिघडलेल्या असतील तर? त्या उंदराच्या कातडीखाली टोचतात, कित्येकदा दहा लाखांच्या घरात. काही आठवड्यांत गाठ दिसू लागते. पेशी खरोखर कर्करोगाची झाली आहे की नाही, हे ठरवायची ही एक मोठी कसोटी. भाची एका मोजपट्टीनं दर दोन-तीन दिवसांनी गाठीची लांबी-रुंदी मोजते, वहीत लिहिते. काही उंदरांना औषध देतात, काहींना देत नाहीत. गाठ ठरावीक आकाराची झाली की उंदराला आधी बेशुद्ध करून मारतात, गाठ काढून तपासतात. औषधानं बरा झालेला उंदीरही शेवटी मारलाच जातो, कारण आत काय झालं ते पाहायचं असतं.

"आत्या, हातात घेतला की त्याचं काळीज धडधडतं ते बोटांना कळतं," ती म्हणाली. "बाकी मला काही सांगायचं नाही."

दुसऱ्या दिवशी दुपारच्या स्वाध्यायात, तिचं नाव न घेता, मी हा विषय काढला. दहा-बारा जणी होतो. एक वयस्क काकू लगेच म्हणाल्या, "पाप ते पाप. पंचेंद्रिय जीव आहे. त्यात विचारायचं काय?" दुसरी म्हणाली, "पण रोग्यासाठीच करतात ना? लाखो माणसं वाचतात." तिसरीनं माझ्याकडे पाहून विचारलं, "मग सासूबाईंना तू औषध का दिलंस?"

ती उगीच टोचून बोलली नव्हती. माझ्या सासूबाई चाळीस वर्षं मिसरी लावायच्या. तव्यावर तंबाखू काळी होईपर्यंत भाजायची, कुटून डबीत भरायची आणि सकाळ-दुपार हिरड्यांना चोळायची. आपल्या भागात किती घरांत हे चालतं ते तुम्हाला ठाऊक आहे. पाणी गाळून पिणारी, रात्री न जेवणारी, कांदा-लसूण न शिवणारी बाई, पण डबी कमरेला. गालात आतून फोड आला, तो बरा होईना. शेवटी ऑपरेशन झालं. डॉक्टरांनी आतला भाग कापून काढला आणि त्यांच्याच मांडीची पातळ कातडी काढून तिथं लावली. पुढे औषधंही झाली. त्यानंतर त्या सहा वर्षं जगल्या, नातवाचं लग्न पाहिलं. त्या सहा वर्षांतल्या एकाही दिवशी माझ्या मनात आलं नाही की ही औषधं आधी कुणाच्या अंगात टोचली असतील.

म्हणून या प्रश्नाचं उत्तर मला भाचीसाठी शोधायचं नव्हतंच. ते माझ्याचसाठी हवं होतं.

आपल्या शास्त्रात गृहस्थाच्या हिंसेचे चार प्रकार सांगतात. घरकामात होते ती आरंभी, शेती-व्यापारात होते ती उद्योगी, रक्षणासाठी होते ती विरोधी आणि ठरवून, जाणून केली जाते ती संकल्पी. पहिल्या तीन गृहस्थाला पूर्ण टळत नाहीत, शक्य तितक्या कमी करायच्या. संकल्पी मात्र सोडायचीच. आता उंदराचं काय? चूल पेटवताना चुकून किडा मेला, तसं हे नाही. दिवस ठरवून, वहीत नोंद करून मारलेलं आहे. याला आरंभी म्हणून झाकता येणार नाही. मी खूप उलटसुलट केलं, पण प्रामाणिकपणे दुसरं नाव देता आलं नाही.

तत्त्वार्थसूत्रात उमास्वामींनी हिंसेची व्याख्या करताना प्रमादाला, म्हणजे मनाच्या बेसावध, कषायानं लडबडलेल्या अवस्थेला, मुळाशी ठेवलं आहे. मग कुणी म्हणेल, पोरीच्या मनात क्रोध नाही, लोभ नाही, तिला तर रडू येतं, मग हिंसा कुठे? हा युक्तिवाद मला काही दिवस बरा वाटला. पण मारायचं हे ठरलेलंच आहे, आणि मारण्याचा उद्देश चांगला आहे एवढ्यावर भागलं असतं, तर प्रत्येक मारणाऱ्याजवळ एक चांगला उद्देश असतोच. आचार्य अमृतचंद्रांनी पुरुषार्थसिद्ध्युपायात नेमका हाच मुद्दा घेतला आहे. एका हिंस्र प्राण्याला मारल्यानं पुष्कळांचे प्राण वाचतात, असं समजूनही त्याला मारू नये, असं ते सांगतात. म्हणजे हजार वर्षांपूर्वी 'एक मेला, लाख वाचले' हा हिशेब त्यांच्यापुढे होता आणि तो त्यांनी नाकारला. उंदीर तर हिंस्रही नाही. त्यानं कुणाचं काही केलेलं नाही.

त्याच ग्रंथात आणखी एक गोष्ट आहे, ती मला जास्त जड गेली. हिंसा करणारा एकच असतो आणि तिच्या फळाचे वाटेकरी पुष्कळ असू शकतात, असं आचार्य म्हणतात. स्वतः करणं, दुसऱ्याकडून करवणं आणि केलेल्याला मान्यता देणं, कृत, कारित, अनुमोदना, या तिन्ही वाटांनी कर्म येतं हे आपण पाठशाळेत पाठ केलं. उंदीर भाचीनं मारला. औषध मी सासूबाईंच्या हातावर ठेवलं. मग मी ओढ्यापलीकडे उंदीर सोडून आले, आणि तिकडे कुणीतरी तो मारला, यात आणि त्यात फरक कुठे राहिला? माझे हात स्वच्छ आहेत, कारण माझ्या वाट्याचं काम दुसऱ्याच्या शेतात झालं.

कायदा काय म्हणतो तेही पाहू. प्राण्यांना क्रूरतेनं वागवू नये म्हणून आपल्या देशात 1960 साली कायदा झाला. त्यामागे एका बाईचा आग्रह होता, रुक्मिणीदेवी अरुंडेल यांचा. त्यांनी राज्यसभेत खासगी विधेयक आणलं होतं. पण याच कायद्यानं रोगांवरच्या संशोधनासाठी प्राण्यांवर प्रयोग करायला मोकळीक ठेवली. लहान प्राण्यांवर काम भागत असेल तर मोठ्यांवर प्रयोग टाळावेत असंही त्यात आहे. 1998 च्या नियमांनी प्रत्येक संस्थेत नैतिक समिती आणली, तिच्या परवानगीशिवाय प्रयोग करता येत नाही. हे सगळं चांगलंच आहे. पण कायद्याला माकडापेक्षा उंदीर हलका वाटतो. आपल्याकडे गणना आकारानं होत नाही, इंद्रियांनी होते. उंदीर पंचेंद्रिय, गायही पंचेंद्रिय. मुठीत मावतो म्हणून त्याची वेदना मुठीएवढी नसते.

तर मग प्रयोगशाळा बंद करा म्हणायचं का? इथं माझी जीभ अडखळते, आणि ती अडखळते हे मी लपवणार नाही. कमल रणदिवे यांचं नाव तुमच्यापैकी काहींनी ऐकलं असेल. 1917 साली पुण्यात जन्मलेली आपली मराठी बाई. मुंबईत डॉ. खानोलकर यांच्या हाताखाली त्यांनी काम केलं आणि उंदरांच्या स्तनांत होणाऱ्या कर्करोगाचा वर्षानुवर्षं अभ्यास केला. 1952 साली परळला सुरू झालेल्या कर्करोग संशोधन केंद्रात त्यांनी पिढ्या घडवल्या. 1973 साली महिला शास्त्रज्ञांची संघटना उभी केली, 1982 साली पद्मभूषण मिळालं. आज आपल्यातली एखादी बाई छातीतली गाठ वेळेवर दाखवून बरी होऊन घरी येते, त्यामागे अशा अनेक अभ्यासकांचं आणि असंख्य उंदरांचं देणं आहे. त्या बाईच्या तोंडावर, 'तुझं बरं होणं चुकलं,' असं मी म्हणू शकत नाही. माझ्या सासूबाईंनाही मी म्हटलं नसतं.

काही जण अशा वेळी अनेकांत पुढे करतात. 'तुमचंही बरोबर, त्यांचंही बरोबर.' बायांनो, अनेकांत म्हणजे सुटकेची खिडकी नव्हे. दोन्ही बाजूंनी पाहिल्यावर जे दिसतं ते सगळं सोसायचं, असा त्याचा अर्थ मी घेते. एका बाजूनं दिसतं, रोगी वाचला. दुसऱ्या बाजूनं दिसतं, निरपराध जीव ठरवून मारला. पहिल्यानं दुसरं पुसलं जात नाही. पुण्य आणि पाप वजाबाकी करून शून्य होत नाहीत, दोन्ही आपापलं फळ देतात, असंच आपण शिकलो ना?

म्हणून मी भाचीला उत्तर दिलं ते असं: "हिंसा आहे. तिला दुसरं नाव देऊ नकोस. पण ती तुझ्या एकटीची नाही, आमची सगळ्यांची आहे. उपवासाचा हक्क तुला नसेल तर मलाही नाही. आणि ज्याला आपलं पाप कळतं त्यानंच उपवास करायचा असतो."

पण एवढं बोलून भागत नाही. ऋण मान्य केलं की फेडायची वाटही शोधावी लागते.

पहिली गोष्ट मला भाचीनंच सांगितली, आणि ती ऐकून मी दिवसभर गप्प होते. 1980 च्या दशकात मुंबईच्या त्याच संशोधन संस्थेत आपल्या मशेरीची परीक्षा झाली होती. भाजलेल्या तंबाखूचा अर्क काढून तो उंदरांच्या कातडीवर लावून पाहिला. 1989 साली निबंध छापला गेला. कातडीवरचा परिणाम सौम्य नोंदला गेला, पण कर्करोगाच्याच बाजूचा. म्हणजे उंदरांनी आपल्या पाठीवर आपल्यासाठी उत्तर लिहून ठेवलं होतं. सासूबाईंच्या तोंडात फोड येण्याच्या कितीतरी आधी. आणि आपण? डबी अजून कमरेला आहे, पोरांच्या खिशात गुटख्याच्या पुड्या आहेत. औषधासाठी जीव घेणं हा एक प्रश्न. पण ज्या ज्ञानासाठी जीव घेतला ते ज्ञान वापरायचंच नाही, पुन्हा तोच रोग ओढवून घ्यायचा, पुन्हा औषध मागायचं, आणि त्या औषधासाठी पुन्हा उंदीर मारायचे, हा मात्र निव्वळ प्रमाद आहे. इथं कुणाचीही जीभ अडखळायचं कारण नाही. कंदमूळ सोडणाऱ्या घरानं तंबाखू आधी सोडावी.

दुसरी गोष्ट, जिथं गरज नाही तिथं मागू नये. 2014 साली भारतानं सौंदर्यप्रसाधनांची प्राण्यांवर चाचणी बंद केली आणि अशी चाचणी केलेली प्रसाधनं आयात करायलाही बंदी घातली. पावडर-लिपस्टिकसाठी ससा आणि उंदीर नकोत, हे कायद्यालाही पटलं. औषधांच्या बाबतीतही 2023 च्या सुधारित नियमांनी प्राण्यांऐवजी दुसऱ्या चाचण्यांना जागा दिली. बशीत वाढवलेली मानवी कातडी, पेशींचे बारीक तुकडे, संगणकाचे हिशेब. भाची म्हणते, अजून सगळं त्यावर भागत नाही, पण काही भागतं. 1959 सालीच रसेल आणि बर्च या दोघांनी सांगितलं होतं: शक्य तिथं प्राणी टाळा, नाही टाळता आला तर संख्या कमी करा, आणि यातना कमी करा. आपली यत्ना म्हणजे दुसरं काय? आपला समाज मंदिरांना, पांजरपोळांना सढळ हातानं देतो. प्राण्यांविना संशोधन करू पाहणाऱ्या एखाद्या मुलीला शिष्यवृत्ती द्यावी असं कुणाच्या का मनात येऊ नये?

तिसरी गोष्ट आपल्या मरणानंतरची. नेत्रदान आपल्यात रुजलं आहे. त्वचादान मात्र बऱ्याच जणींना ठाऊकच नसतं. मृत्यूनंतर साधारण सहा तासांच्या आत पाय, मांड्या, पाठ इथली फार पातळ कातडी काढून घेतात, देह विद्रूप होत नाही. मुंबईत सायनच्या रुग्णालयात 2000 साली त्वचापेढी सुरू झाली, ऐरोलीच्या राष्ट्रीय बर्न्स सेंटरमध्येही आहे. ही कातडी भाजलेल्या माणसाच्या अंगावर कायमची राहत नाही, मेडावरनी सांगितलं तेच कारण. पण काही आठवडे ती जखम झाकते, जंतू अडवते, वेदना कमी करते, तोवर आतून माणूस सावरतो. आपल्याकडे स्टोव्ह आणि पदर यांनी किती बायका गेल्या ते काय सांगायचं? यानं प्रयोगशाळेतला उंदीर लगेच सुटणार नाही, मला ठाऊक आहे. पण जीव न घेता देता येईल असं जे आपल्याजवळ आहे, ते चितेवर जाळून टाकायचं आणि जिवंत प्राण्याचं मात्र घ्यायचं, हा हिशेब मला पटत नाही. मी घरच्यांना सांगून ठेवलं आहे.

भाची अजून त्याच प्रयोगशाळेत आहे. तिनं काम सोडलं नाही, मी सोड म्हटलं नाही. तिनं सांगितलं की नव्या प्रयोगाची आखणी करताना तिनं उंदरांची संख्या कमी कशी होईल ते बसून मोजलं, आणि काही भाग बशीतल्या पेशींवरच भागवला. मागच्या क्षमावणीला तिचा फोन आला. नेहमीसारखी क्षमा मागून झाल्यावर म्हणाली, "आत्या, यंदा मी पिंजऱ्यांच्या खोलीत जाऊन त्यांचीही मागितली. कुणी पाहिलं नाही." मी म्हणाले, "माझ्या वतीनंही मागायची होतीस."

पिंजरा आमच्याकडे अजून आहे. पण आता उंदीर ओढ्यापलीकडच्या त्या बाईच्या शेतात सोडत नाही. यजमानांनी तुरीसाठी पत्र्याच्या कणग्या आणल्या. खर्च झाला, पण उंदीर येणंच कमी झालं.